फुंगकाकांची किटली

या मित्रांनो, असे चुलीजवळ सरकून बसा. मी एक जुनी, लांब चोचीची तांब्याची किटली आहे. आज तुम्हाला एका बंद झाकणाची गोष्ट सांगते.

चीनमधल्या कँटन शहराच्या तांबटआळीत ठोके खाऊन मला आकार आला. तिथून मी नदीकाठच्या चहाघरात, फुंगकाकांच्या हातात आले. काका तिथले जुने वाढपी. पहाटे चुलीच्या देवाला उदबत्ती लावून मग मला पुसायचे. हातभर उंचीवरून धार सोडली तरी थेंब सांडत नसे. लोक वाहवा करत आणि मी उगाच जास्त वाफ सोडी.

त्या काळी शहरावर आज या सेनापतीचा झेंडा, उद्या त्याचा. वाढप्या-आचाऱ्यांनी संघटना बांधली होती. काका तिचे प्रमुख. मिरवणुकीला माणसं हवी असली की सत्तेला आमचा पुळका यायचा, एरवी बंदी. संघटनेची पत्रकं भिंतीवर चिकटवली म्हणून कोळंबीचे मोदक वळणारा आमचा आ-चोई कोठडीत होता. त्याची आई रोज मागच्या दाराशी येऊन बसे. काका तिला चहा देत, पण लाजेनं तिच्याकडे बघत नसत.

एका सकाळी परप्रांतातून येऊन शहर ताब्यात घेतलेल्या फौजेचे सेनापती दुआनसाहेब आले. झाकणाच्या पेल्यातला चहा संपवला, झाकण नीट लावलं आणि वाट बघत बसले. काका मला घेऊन शेजारून गेले, परत आले, पुन्हा गेले. पाहुण्याचं झाकण वाढप्यानं उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यानं स्वतः ते बाजूला ठेवलं की चहा ओतायचा. साहेबांना हे कुठलं ठाऊक? घसा सुकला तसे भडकले, "माझ्याविरुद्ध संप केलात का?" म्हणाले.

काकांनी रीत समजावली. पिंजऱ्यातला पक्षी घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, "एवढी फौज आणलीत साहेब, झाकण उचलायला कुणी नाही आणलं?"

साहेब लाल झाले, मग स्वतःच हसले. झाकण उचललं, मी धार धरली. खुशीत त्यांनी फर्मावलं, की दुपारच्या मिरवणुकीत तुमची संघटना माझ्या झेंड्यामागे हवी.

काकांनी मला खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाले, "आमचा एक माणूस तुमच्या कोठडीत आहे, साहेब. ते दार तुम्हालाच उघडावं लागेल. मग आम्ही आमचा झेंडा घेऊन येऊ."

"तुमचा? माझ्या मागे?"

"शेजारून चालू, साहेब. मागून नाही."

तोवर सगळ्या वाढप्यांनी किटल्या खाली ठेवल्या होत्या. रिकाम्या मिरवणुकीत आपलं हसं होईल, हे साहेबांनी ओळखलं. त्यांनी शिपायाला बोटानं खुणावलं.

मोदकांचा पुढचा घाणा उतरायच्या आत आ-चोई दारात उभा, दाढी वाढलेला, भुकेला. काकांनी त्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवून चहा ओतला. त्यानं दोन बोटांनी टेबलावर टकटक केली. आमच्याकडे आभार असेच मानतात. मग त्याच्या आईनं केली, मग टेबलाटेबलावरून टकटक सुरू झाली. टाळांसारखा तसा गजर मी पुन्हा ऐकला नाही.

आता माझ्या बुडाला भोक आहे, आणि मी फळीवर धूळ खाते. कुणी पुसलं तर बरं वाटेल, नाही पुसलं तरी राग नाही. एवढंच करा, मित्रांनो. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला, की दोन बोटं हळूच टेबलावर वाजवा, आणि माझ्या फुंगकाकांची आठवण काढा.