वरच्या वावराची सही

"सही नाही म्हनजे नाही, अंजनाबाई! किती डाव सांगू?"

दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभा राहून वामनराव ओरडत होता. नवतपा लागला होता, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. वावरातली ढेकळं तव्यावानी तापली होती आणि अंजनाबाई हातातला कागद पुढं धरून उन्हात उभी होती.

वामनरावाचं वावर वर, अंजनाबाईचं खाली. पावसाळ्यात वरचं सगळं पाणी तिच्या अडीच एकरातून नाल्याला जायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. सहा वर्षांमागं धुऱ्याखाली हातभर ओघळ होती. आता तिच्यात म्हैस उतरली तर नुसती शिंगं दिसायची. कृषी सहायक सोनिका मॅडम येऊन मोजून गेली होती. सरकारी योजनेतून बांध फुकट मिळणार होता, पण पाणी अडवायचं तर वरच्या वावरापासून अडवायला हवं. म्हणून दोन्ही मालकांच्या सह्या.

"वामनभाऊ, बांधात तुमची दोन तासं, दोन ओळींची जागा जाईन, मले कबूल हाय," अंजनाबाई म्हणाली. "पन ओघळ खालून वर खात जाते. आज माह्या वावरात हाय, उद्या तुमच्यात येईन."

"पानी कधी वर चढते काय वं? शिकवून राहिली मले! माह्या बापाच्या टायमालेबी असेच फीत घेऊन आले होते. चार हात धुरा सरकला, तो आजवर सरकलेलाच हाय."

त्यानं पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याच्या घरी जाऊन ओसरीत बसली. त्याची बायको गोपिका हिनं पाणी दिलं, चहा दिला, पण नजरेला नजर दिली नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कळलं, वामनराव मागच्या दारानं कधीचाच निघून गेला होता.

तिथून ती तशीच, दुसऱ्यांच्या वावरात बांध टाकणारी मशीन चालू होती तिथं गेली. "मॅडम, माह्या एकटीच्या सहीवर करा ना. माहं वावर, माही माती."

सोनिका मॅडमनं डोक्यावरचा रुमाल सोडला. "मावशी, टाकून देईन मी. अन् पहिल्या झडीत तो बांध फुटून उरलेली मातीबी नेईन. मंग कोनाले बोलाल?"

अंजनाबाईनं कागदाची घडी करून कमरेला खोचली. तिसऱ्या दिवशी मशीन ट्रेलरवर चढली आणि मौद्याच्या रस्त्याला लागली. धूळ खाली बसेपर्यंत ती बघत राहिली.

पोरगा धम्मदीप शहराजवळच्या वाडीला गोदामात कामाला होता. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, सोड ना आता ते. रोशनीले घेऊन इकडं ये. खोली लहान हाय, पन भागते."

"तुह्या आजानं एकोणीस वर्सं दुसऱ्याच्या घरी सालदारकी केली, तवा हे वावर झालं. खोलीत नेऊन ठेवू काय ते?" एवढं बोलून तिनं फोन सुनेच्या हातात दिला.

मग सासू-सुनेनं नाल्यातले दगड टोपल्यानं वाहिले आणि ओघळीत आडवे रचले. रोशनीच्या तळव्यांची सालं निघाली. मृगात कपाशीची पऱ्हाटी लावली. ती वीतभर वर आली, तेव्हा रोशनी पहिल्यांदा हसली.

आखाडात झड लागली. चार दिवस, चार रात्री आभाळानं उसंत दिली नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस जरा थांबला, तशी अंजनाबाई वावरात गेली आणि धुऱ्याशीच मटकन खाली बसली. दगड नव्हते. पऱ्हाटी नव्हती. दोन एकरावरची काळी माती धुऊन गेली होती आणि खालचा मुरूम हाडासारखा उघडा पडला होता. नाल्याच्या कडेला अर्धा एकर तेवढं हिरवं उरलं होतं. तिनं मुरमावर हात फिरवला, फिरवतच राहिली. रडूसुद्धा येईना.

वर धप्पकन आवाज झाला. ओघळीनं धुरा फोडून वामनरावाच्या तुरीत तोंड घातलं होतं. कड तुटत होती, तुरीसकट खाली पडत होती. वामनराव अनवाणी, भिजलेला, काठावर उभा होता.

"अंजनाबाई, तो कागद दे. करतो सही."

"बैल गेला अन् झोपा केला, भाऊ! मशीन आता उन्हाळ्याबिगर येत नाही."

"मंग मी तवरोक काय करू?"

मर, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. खाऊ दे ओघळीला त्याचं सारं वावर! पण त्याच्या वावरातून पडणारं प्रत्येक ढेकूळ, प्रत्येक लोंढा तिच्या उरलेल्या अर्ध्या एकरावरूनच जाणार होता. ती उठली.

"उभे काहून राह्यले? फावडं आना. पानी तिकडं पडीकात वळवा, गवतात."

पडीकाकडं जायची वाट उभ्या तुरीतूनच होती. वामनरावानं स्वतःच्या हातानं सात तासं तूर उपटली आणि चर खणला. गोपिका आली, रोशनी आली. दुपारी पुन्हा सर आली, तेव्हा पाणी चराला लागलं. निम्मं वळलं, निम्मं नाही.

सोनिका मॅडमनं पुढच्या उन्हाळ्यासाठी दोघांच्या सह्या घेतल्या. मुरूम पाहून ती म्हणाली, "मावशी, बांध होईन. माती मात्र मी आनू शकत नाही."

अर्ध्या एकरात दोघींचं भागण्यासारखं नव्हतं. आठवड्यानं रोशनी पिशवी भरून वाडीला निघाली. फाट्यावर ऑटोत बसता बसता ती मागं वळली. "आई, एवढ्याशा तुकड्यासाठी एकट्या राहाल?"

"तुकडा उरला म्हनून तर राहून राहिली, पोरी. जाय तू."

ऑटो गेला. अंजनाबाईनं पदरात तुरीचं बियाणं बांधलं आणि वावरात उतरली. हिरव्यातल्या खाडलेल्या, रोप मेलेल्या जागी काडीनं भोक पाडायचं, दाणा टाकायचा, अंगठ्यानं माती दाबायची. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. तिनं वर पाहिलं नाही.