निळ्या रंगाखालचा कोरडा नळ

“दांडा हळू दाबा गं पोरींनो! पाणी काही पळून जात नाही. बादली भरली की पुढचीला वाट द्या, आणि भांडायचं असेल तर घरी जाऊन भांडा!”

मला बसवणाऱ्या अब्दिकालीकबाबांचा हा आवाज अजून माझ्या अंगात घुमतो. मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. किरगिझस्तानातल्या डोंगरपायथ्याच्या एका गावात, खालच्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. अंग बिडाचं, डोक्यावर लांब दांडा. तो दाबला की पाणी येई.

काय दिवस होते ते! पहाटेच्या नमाजाआधी म्हातारी माणसं माझ्यापाशी हातपाय धुवायची. नव्या सुना डोक्यावरचा पांढरा रुमाल सावरत पहिल्या चहाची किटली माझ्याकडेच भरायच्या. हिवाळ्यात बायका मला लोकरीच्या जुन्या नमद्यात गुंडाळून ठेवत, पोटच्या पोराला गुंडाळावं तसं. रोज पाणी द्यायचं हा माझा नेम होता, आणि तो मी मोडला नाही.

पुढे वरच्या गल्लीत घरं वाढली, बागा वाढल्या. जमिनीखालची नळी गंजून अरुंद झाली. होतं नव्हतं ते पाणी वरच संपू लागलं आणि माझा घसा कोरडा पडला. बायका कालव्यावर जाऊ लागल्या. गुरंही तिथंच पाणी पितात. समोरच्या झुराकान एजेंची (थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात) नात ऐपेरी त्या पाण्याने आजारी पडली. पोरीला दवाखान्यात ठेवावं लागलं.

मग माझी दुरुस्ती का झाली नाही? कारण कागदावर मी चालू होतो!

दर शरदात तालुक्याहून कुणीतरी गावाचं काम तपासायला येई. कुठलं गाव वर, कुठलं तळाला, याची यादी लागे. गावप्रमुख मेदेरबेक त्या सकाळी मला निळा रंग फासायचा आणि वरच्या गल्लीच्या पाण्याची झडप बंद करायला लावायचा. घटकाभर माझ्या तोंडाला पाणी यायचं. पाहुणे बघायचे, मान डोलवायचे, ‘चालू’ लिहायचे. गल्लीतलं कुणी तोंड उघडत नसे. पाहुण्यासाठी मेंढी कापायची आणि त्याच्यापुढे रडगाणं गायचं? आमच्याकडे याहून मोठी लाज नाही. माझं कौतुक व्हायचं, आणि रंगाखाली मी झुरत राहायचो.

यंदा मात्र तालुक्याने कळवलं, की जिथला नळ ‘बंद’ म्हणून नोंदला जाईल तिथंच नवी नळी मिळेल. झुराकान एजेंनी मेदेरबेकला माझ्यापाशीच गाठलं.

“मेदेर, यंदा खरं लिहू दे.”

“एजे, बंद लिहिलं की आपलं गाव तळाला. सगळ्यांसमोर उभं करून झाडतील मला. पुढच्या वर्षी बघू ना.”

“पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत केस पिकले तुझे.”

“तुमच्यामुळेच पिकले!”

एजे रुमालाची गाठ घट्ट करून घरी गेल्या.

तपासणीचा दिवस उगवला. तपासनीस ऐनागुलबाई आल्या. मी ओल्या रंगात चकाकत होतो, पाणीही देत होतो. एजेंनी दस्तरखान, म्हणजे जेवण मांडायची चादर, घरात न मांडता माझ्या शेजारी, झाडाखाली अंथरला.

“एजे, आत बसू की,” मेदेरबेक कुजबुजला. “वारा आहे.”

“वारा? पान हलत नाहीये. एवढा छान रंगवलायस नळ, त्याच्याजवळ नको का बसायला?”

चहा झाला. पुन्हा चहा झाला. मेदेरबेक सारखा वरच्या गल्लीकडे बघत होता. सगळ्यांत थोरल्या माणसाने हात उचलून दुवा मागितल्याशिवाय आमच्याकडे पाहुणा उठत नाही, आणि तिथं थोरल्या एजेच होत्या.

“एजे, दुवा करा आता. बाईंना पुढच्या गावी जायचंय.”

“मांस शिजतंय अजून. मेंढीला घाई करायला सांगू का?”

मांस आलं. सगळ्यांनी हाताने पोटभर खाल्लं. तोवर वरच्या गल्लीचा धीर सुटला आणि तिथल्या लोकांनी झडप उघडली. माझ्या घशातून पाणी सर्रकन मागे सरकलं.

“या बाई, हात धुवा,” एजे शांतपणे म्हणाल्या.

ऐनागुलबाईंनी मनगटापर्यंत तुपकट झालेले हात माझ्याखाली धरले. एजेंनी दांडा दाबला. मी खोकलो. एक थेंब पडला, मग नुसती हवा. मित्रांनो, त्या दिवशी मला मुळीच लाज वाटली नाही. माझी साक्ष मी स्वतः देत होतो.

“मेदेर बाइके, चालतो का हा नळ?” थोरल्या भावाला म्हणावं तसं ‘बाइके’ म्हणत बाईंनी विचारलं.

“चालतो ना!” शेजारची बातमा म्हणाली. “पाहुणे आले की चालतो. तुम्ही रोज येत जा!”

बायका खदखदून हसल्या. मेदेरबेकची नजर एजेंच्या तळव्यावर गेली. तिथं माझा निळा रंग लागला होता.

“नाही चालत,” तो अखेर म्हणाला. “वरची झडप मीच बंद करायला लावतो.”

“असं लिहिलं तर गाव खाली जाईल,” बाई म्हणाल्या.

“जाऊ दे. बंद लिहा. तुमची नळी येईल तेव्हा चर तयार असेल. बर्फ पडायच्या आत मी खणून ठेवतो.”

एजेंनी नानचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. नान खाऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. त्याने तो सावकाश खाल्ला. मग एजेंनी हात उचलून दुवा मागितली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि बाई पंच्याला हात पुसून उठल्या.

मित्रांनो, तुमच्याही रस्त्यावर माझ्यासारखं कुणी उभं असेल. त्याला रंग नाही दिलात तरी चालेल, पण त्याचं दुखणं लपवू नका. विचारायला आलेल्याला खरं सांगा. आणि जो खरं कबूल करेल त्याला झाडण्याआधी मदतीचा हात द्या, नाहीतर पुढच्या वेळी तोही रंगाचा डबाच शोधेल.

पाहुण्यांची गाडी गेली. बायका दस्तरखान आवरू लागल्या. मेदेरबेक घरी गेला आणि जुने बूट घालून, खांद्यावर कुदळ टाकून परत आला. माझ्या पायथ्याशी त्याने टाचेने मातीत रेघ ओढली, कोट काढून झाडाला अडकवला आणि पहिला घाव घातला.