कुठलं बोट?

चाकणच्या कंपनीत वायरींच्या पिना दाबून दाबून कावेरीच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मनगटातली नस दबली होती. चिखलीच्या फिजिओथेरपिस्ट वर्षालीताईंनी ते मनगट कसं चोळायचं, कसं ताणायचं, हे तिच्या नवऱ्याला शिकवलं.

मालोजी कीर्तनात मृदंग वाजवायचा. आता रोज संध्याकाळी मृदंग बाजूला ठेवून तो विठ्ठलाचं नाव घेत तिचं मनगट चोळायचा. मग तिला डोळे मिटायला लावून अंगठ्यापासून एकेक बोट दाबायचा. "हे कुठलं?" कावेरी बिनचूक सांगायची. "तुकोबांची कृपा!" म्हणत तो हात जोडायचा. गुण येतोय म्हणून दोघं ताईंकडे परत गेलीच नाहीत. काल भरला तांब्या तिच्या हातून निसटला, म्हणून आज गेली.

ताईंनी तिला डोळे मिटायला सांगून मधलं बोट दाबलं.

"अंगठा," कावेरी म्हणाली.

"अगं, घरी तर..." मालोजी म्हणाला.

"घरी तुम्ही रोज अंगठ्यापासूनच सुरू करता, अहो."

ताईंनी अंगठ्याखालचा सपाट तळवा दाखवला. "काका, इथलं मांस झडलंय. आता ऑपरेशनच. तरी पकड पहिल्यासारखी येईल, असं नाही सांगता येत."

जिन्यात मालोजीने तिला थांबवलं. "मला का फसवलंस, बये?"

"एवढी वर्षं तुम्ही शिफ्टला, नाहीतर कीर्तनाला. हात कधी धरला होतात? गुण नाही म्हटलं असतं, तर सोडून दिला असतात."

त्याने तिचा हात धरला.

"हा नको," ती म्हणाली. "डावा धरा. त्याला कळतं."