आरशाला हार

आमच्या शाळेत भिंतीवरची घड्याळं सोळा आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. दरवर्षी दहावीची बॅच जाताना शाळेला सप्रेम भेट देते, आणि भेट म्हणजे घड्याळच. खाली तांबड्या रंगात बॅचचं साल. शिपाई लिंबाजीमामा तासाची घंटा स्वतःच्या मोबाइलमध्ये बघून देतात. शाळेत किती वाजले असं कुणी विचारलं, की आम्ही विचारतो, कोणत्या बॅचचे?

यंदा आमच्या बॅचनं ठरवलं की घड्याळ द्यायचं नाही, आरसा द्यायचा. ठरवलं म्हणजे आम्ही बारा मुलींनी ठरवलं आणि मुलांना कळवलं. मुलांचा पुढारी संघपाल म्हणाला की आरशापेक्षा क्रिकेटचं किट द्या. मी त्याला व्हरांड्यात नेऊन दोन वाक्यांत कारण सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला, आणि त्यानंतर आरशाचा त्याच्याएवढा कैवारी औसा तालुक्यात राहिला नाही.

कारण तुम्हालाही सांगते, लाजण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या गणवेशाची सलवार पांढरी आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही मुली दिवसातून दहादा एकमेकींना एकच गोष्ट सांगतो, "मागे बघ गं." मैत्रीण दोन पावलं मागे राहते, बघते, आणि म्हणते, काही नाही, चल. आठवीत असताना माझी मैत्रीण सुकन्या सुविचार लिहायला फळ्यापाशी गेली आणि त्या दिवशी मी गैरहजर होते. सुविचार लांबलचक होता. सलवारीवरचा डाग सगळ्या वर्गाला दिसला, कुणीच सांगितलं नाही. सुकन्या पुढे अकरा दिवस शाळेत आली नाही, आणि कबड्डीच्या टीममधून जी बाहेर पडली ती पडलीच. मला त्याचा अजून राग येतो. आता माझी धाकटी बहीण रेणुका पाचवीत आहे, आणि मी तर चालले. म्हणून आरसा हवा होता, तोही डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा.

डिसेंबरातच मी मुख्याध्यापक उमाशंकर सरांकडे रीतसर अर्ज दिला होता. खरं कारण अर्जात लिहायला हात धजेना, म्हणून 'गणवेश नीटनेटका ठेवण्यासाठी' असं लिहिलं. सरांनी त्यावर लाल शाईनं शेरा मारला, 'शाळा ज्ञान मिळवण्यासाठी आहे, नटण्यासाठी नाही.' सर वाईट नाहीत. गणित असं शिकवतात की म्हशीलाही त्रिकोणमिती यावी. पण मुलगी आणि आरसा हे दोन शब्द एकत्र आले की त्यांना पुढे फक्त पावडर दिसते.

मग आम्ही गुपचूप करायचं ठरवलं. सुकन्याच्या मामांचं लातूरला फ्रेमचं दुकान आहे. एवढ्या मोठ्या आरशाला बसेल अशी फ्रेम त्यांच्याकडे एकच होती, सोनेरी, वेलबुट्टीची, सभागृहात लावायच्या मोठ्या तसबिरींची. ती बघून मला हसू फुटलं. मला नको तिथे हसू येतं, हा माझा जुना आजार आहे. शोकसभेत दोन मिनिटं शांत उभं राहायचं म्हटलं तरी माझे खांदे हलतात. आरसा आम्ही एसटीनं आणला. मी, सुकन्या आणि संघपाल तो धरून मधल्या वाटेत उभे होतो, आणि लातूर ते औसा सगळ्या गाडीनं केस विंचरले. एका आजोबांनी मिशा पिळून घेतल्या. कंडक्टर आधी सामानाचं तिकीट मागत होता, मग त्यानं आरशात बघून टोपी सरळ केली आणि तो विषय सोडून दिला.

निरोप समारंभाच्या आदल्या संध्याकाळी आरसा भगव्या-हिरव्या पडद्याच्या कापडात गुंडाळून स्टेजवर नेला. उमाशंकर सरांनी विचारलं की काय आणलंत. संघपाल म्हणाला, गुपित हाय सर, उद्या अनावरण. सरांनी सोनेरी फ्रेमचा कोपरा बघितला, मान डोलावली, आणि घड्याळाच्या जाचातून सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आम्ही खोटं एक अक्षर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाराही जणी साड्यांत. प्रयोगशाळेत शाळेच्या सेविका पार्वतीमावशी एकेकीला साडी नेसवत होत्या आणि तोंडात पिना धरून रागावत होत्या. तिथे आरसा नव्हताच, तेव्हा आम्हीच एकमेकींचे आरसे झालो. माझ्या निऱ्या म्हणे केळीच्या कोक्यासारख्या दिसत होत्या. जिना उतरताना तिघी पडल्या. संघपालनं वडिलांचा कोट घातला होता आणि त्यात तो हरवला होता. मला इतका आनंद झाला होता की पोट दुखत होतं, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आहे हे कुणाच्या बापालाही आठवत नव्हतं.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. रेवणप्पा शेठ, लातूरचे डाळमिलवाले, आमच्या संस्थेचे उपाध्यक्ष. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. ते गाडीतून उतरले आणि सुकन्यानं मला चिमटा काढला. अप्पांच्या जाकिटाचं एक बटण चुकलं होतं, त्यामुळे सगळीच चुकली होती. जाकिटाची एक बाजू गळ्यापाशी उंच आणि दुसरी पोटाखाली लोंबत होती. शिक्षकांनी बघितलं, ड्रायव्हरनं बघितलं, सगळ्या शाळेनं बघितलं. सगळ्यांनी नमस्कार केला. मी पदर तोंडात कोंबला.

उशीर झालेला, म्हणून उमाशंकर सरांनी सांगितलं की प्रतिमापूजन आणि भेटीचं अनावरण एकदमच उरकून घ्या. स्टेजवर टेबलावर महापुरुषांच्या दोन तसबिरी होत्या आणि शेजारी खुर्चीवर पडद्याआड आमची भेट. आता हार घालणारा पाहुणा तसबिरीकडे बघत नाही, फोटोग्राफरकडे बघतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अप्पांनी पहिला हार घातला, मान फोटोग्राफरकडे. दुसरा घातला, मान फोटोग्राफरकडे. मग संघपालनं दोरी ओढली, पडदा पडला, लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. पार्वतीमावशींनी तबकातला उरलेला हार पुढे केला, कारण हार उरला होता आणि समोर सोनेरी फ्रेम होती. अप्पांनी तो आरशाला घातला, मान फोटोग्राफरकडे. अंगठ्यानं कुंकू लावलं. उदबत्ती ओवाळली. आणि डोळे मिटून, हात जोडून, मनापासून नमस्कार केला.

मग त्यांनी डोळे उघडले.

हारात अप्पा. कपाळावर कुंकू, भोवती धूर. अप्पा आरशातल्या अप्पांकडे बघत राहिले. मागच्या बाकावरून एक बारीक चिरका आवाज आला, तो माझाच होता, आणि त्यानंतर आमच्या शाळेत जे हसू उसळलं तसं पुन्हा उसळायचं नाही. चित्रकलेच्या बाई खुर्चीसकट हलत होत्या. लिंबाजीमामा घंटेच्या खांबाला धरून बसले. मी साडीसकट खाली बसले, निऱ्या सुटल्या, आणि मी हसत हसत रडत होते, कारण मला कळत होतं की आता आरसा गेला.

आणि तसंच झालं. उमाशंकर सर पडदा घेऊन धावले. चेहरा पांढराफटक. आरसा झाकत त्यांनी लिंबाजीमामांना सांगितलं की हे आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, आणि अर्ज कुणी केला होता ते मला ठाऊक आहे. माझं हसू थांबलं.

"थांबा सर," अप्पा म्हणाले. त्यांनी पडदा बाजूला केला, हार थोडा सरकवला आणि स्वतःचं जाकीट वरपासून खालपर्यंत बघितलं. मग शांतपणे एकेक बटण काढून पुन्हा लावलं. तोवर हसणं विरून गेलं होतं. "सकाळपासून हा तिसरा कार्यक्रम हाय माझा. तीन ठिकाणी भाषण ठोकलं. एकानंबी सांगितलं न्हाई. तुमाला दिसलं व्हतं का?"

सरांनी मान खाली घातली. दिसलं होतं, म्हणाले, पण अप्पांना कसं सांगावं, संकोच वाटला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. एका हातात सुटलेल्या निऱ्या धरून मी स्टेजच्या पायरीपाशी उभी होते.

"सर, आमालाबी कुणी सांगत न्हाई," मी म्हणाले. "पांढरी सलवार असती. सगळ्यांला दिसतं, आमालाच दिसत न्हाई. म्हणून मागितला आरसा. नटायला न्हाई."

मुलांनी माना खाली घातल्या. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या बाकावर बसलेल्या सुकन्याकडे. त्या अकरा दिवसांत सुकन्याच्या घरी तीनदा माणूस पाठवणारे सरच होते; पोरगी का येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही नाही. आता ते त्यांना कळलं, आणि कळलेलं त्यांच्या तोंडावर दिसलं.

"अर्जात का लिवलं न्हाईस?" त्यांनी विचारलं. गणिताच्या तासाला शुद्ध बोलणारे सर असं बोलले.

"लाज वाटली, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग लिंबाजीमामांना हातोडी आणि खिळे आणायला सांगितले. मुलींच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला, आत्ताच लावा. मामा आरसा उचलून निघाले तेव्हा सरांनी पुन्हा हाक मारली.

"वर लावू नका. खाली, जमिनीपासून लावा. पाचवीतल्या पोरीला टाचा उंच न करता दिसलं पायजे."

मी स्टेजच्या पायरीवर बसून रडले, आणि ते हसताना आलेलं रडू नव्हतं. अप्पांचं भाषण छान झालं म्हणे, मला एक शब्दही आठवत नाही. शेवटी सरांनी हॉल तिकिटं वाटली. माझं देताना म्हणाले की परीक्षेत हसलीस तर बघ.

नंतर मुलींच्या खोलीपुढे ही रांग लागली. हार कुणी काढला नव्हता, त्यामुळे प्रत्येकीनं हारात फोटो काढला. पार्वतीमावशी म्हणाल्या की जित्या माणसानं असा फोटो काढू नये, आणि स्वतः दोन काढून घेतले. फ्रेमखाली तांबड्या रंगात साल घालायला संघपाल कुंचला घेऊन बाहेर ताटकळत उभा होता. रेणुका मुद्दाम आत येऊन जमिनीवर मांडी घालून बसली आणि ओरडली, ताई, बसूनबी दिसतंय.

सगळ्यांत शेवटी सुकन्या गेली. मी सवयीनं दोन पावलं मागे राहिले आणि तिच्या विचारण्याची वाट बघत उभी राहिले. ती आरशापुढे उभी राहिली, वळली, मान वळवून खांद्यावरून स्वतःला पाठमोरी बघितलं, एकदा, मग पुन्हा एकदा, नीट. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, काही नाही, चल.