तीन दिवसांची बॅटरी

साहेबांनी हिशेब केला तो चैत्रात, आणि तोही माण तालुक्यात बसून. माणातलं ऊन मोजायचं आणि बॅटरी लावायची शिराळ्याच्या पश्चिमेच्या डोंगरात, म्हणजे थोरल्याच्या मापानं धाकट्याचा सदरा शिवण्यातलाच प्रकार. "तीन दिवस सूर्य दिसला नाही तरी वायरलेस चालेल," असं कागदावर लिहून ते पुण्याला निघून गेले. नदीचं पाणी मोजायच्या चौकीवरचा आकारामतात्या पलटणीत वीस वर्षं वायरलेसवर होता. तो म्हणाला होता, "साहेब, आषाढ-श्रावणात हितं पंधरा पंधरा दिस ऊन न्हाई." शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, शिकलेल्याला तोही लागत नाही. साहेब नुसते हसले.

आता एकोणऐंशीचा श्रावण होता आणि ढगाचा अकरावा दिवस. छपरावरची, उन्हावर बॅटरी भरणारी सूर्याची काच नुसती धुतली जात होती. बॅटरीचा काटा लाल पट्टीत शिरला होता.

सगळा दोष साहेबांचाही नव्हता. त्यांनी एका निरोपाला एक मिनिट धरलं होतं. पण आपल्याकडं नुसता पाण्याचा आकडा सांगून गप्प कोण बसतं? वायरलेसच्या सांगलीकडच्या टोकाला लियाकत बसे. "जेवला का तात्या?" इथून सुरुवात व्हायची आणि मग अकिलाची चौकशी. अकिला त्याची बायको. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, चौकीखालच्याच गावात. ऐकायला बॅटरी थोडी लागते, बोलायला वीसपट, हे तात्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो रोज बोलत राहिला, कारण त्या पोराचा जीव टांगणीला लागलेला त्याला बघवत नव्हता.

आज पहाटे अकिला गेली. बाळही गेलं. तिचा भाऊ चांदसाहेब भिजत डोंगर चढून आला आणि दारातच बसला.

"दाजीला सांगा तात्या. आत्ता निघाला तर मातीला पोचंल. दुपारपातुर वाट बघतो आमी."

तात्यानं खाली वारणेतल्या मोजपट्टीकडं बोट केलं. पाणी अठ्ठावीस फुटांवर होतं, धोक्याच्या तीन फूट वर, आणि चढत होतं. सांगलीत आकडा पोचला की काठच्या बारा गावांना जीप आणि माणसं धाडायची, हे काम एकट्या लियाकतकडं होतं. दुपारी पाणी त्या गावांच्या दारात असणार होतं.

"त्याला आता सांगितलं तर तो उठून हिकडं पळंल. मग ती गावं कोण उठवणार?"

"तुमची बारा गावं हायती," चांदसाहेब म्हणाला. "माजी भण येकच हुती."

तात्या यंत्राकडं वळला. त्यानं बटण दाबलं. "सांगली, अठ्ठावीस फूट, चढतंय. पुन्ना सांगतो, अठ्ठावीस." बटण सोडलं तेव्हा काटा पट्टीच्या तळाला टेकला होता. आता फार तर एक शब्द निघाला असता.

"मिळालं तात्या, अठ्ठावीस," लियाकतचा आवाज आला. "तुमी बोलू नगा, बॅटरी राखा. येवडंच सांगा. अकिलाचं काय वंगाळ असलं तर बटण येकदा दाबा. बरी असली तर दाबू नगा."

खोलीत यंत्राची खरखर तेवढी राहिली. तात्यानं ठरवलं होतं, गप्प राहायचं. पण न बोलणं वेगळं आणि आता बटण न दाबणं वेगळं. ही तर खोटी साक्ष होती, आणि नवऱ्याला बायकोचं तोंडही बघू न देणारी. त्याला ते सोसेना. त्याचा अंगठा बटणाकडं गेला.

चांदसाहेबानं त्याचं मनगट धरलं.

हात भिजून थंडगार झाला होता, पण पकड सुटेना. तात्यानं त्याच्याकडं पाहिलं. तो यंत्राकडं बघत होता.

"न्हाई दाबलं," लियाकत म्हणाला, आणि त्याचा मोकळा श्वास इथवर ऐकू आला. "बरी हाय म्हंजे. लय उपकार तात्या. पेढं मागनं धाडतो, आदी गावं उठवतो."

बॅटरी संपली आणि खरखरही थांबली. चांदसाहेबानं मनगट सोडलं, पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि दारात क्षणभर उभा राहिला.

"आता वाट कुणाची बघायची," तो म्हणाला, आणि बहिणीला माती द्यायला डोंगर उतरू लागला.