चाकांवर वीस खाटा

माझी आत्या दवाखान्याच्या खाटा बनवते. पायथ्याशी हँडल असतं, ते फिरवलं की पेशंट उठून बसतो, त्या खाटा. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. काम करणारे आम्ही आठजण. त्यात एक वेल्डर, ज्याला कुजबुजता येत नाही म्हणून सगळे ‘तोफ’ म्हणतात. रंगकाम माझ्याकडे. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, नटबोल्टांचे डबे सांभाळतात.

सरकारी दवाखाना आमच्या शेडपासून उताराने जेमतेम दहा मिनिटांवर, पण तिथल्या खाटा यायच्या दूरच्या एका बड्या कंपनीकडून. आमच्या वाट्याला फक्त त्यांची दुरुस्ती. “लेकरू त्यांचं, शी-शू आपल्याकडे,” आत्या म्हणायची.

एकदा वॉर्डात दुरुस्ती चालू असताना दवाखान्याच्या खरेदी अधिकारी बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नव्यानेच बदलून आलेल्या.

“काकू, एवढं हातात कसब आहे, मग टेंडर का भरत नाही?”

आत्याने पाना खाली ठेवला. “अट वाचलीत का बाई? आधी सरकारला पाच हजार खाटा विकलेल्या पाहिजेत. म्हणजे पहिलं लग्न करायचं तर आधी लग्न झाल्याचा दाखला आणा!”

बाई इतक्या हसल्या की हातातल्या फाइलमधले कागद खाटेखाली गेले. ते गोळा करता करताच म्हणाल्या, “हे मला लिहून द्या. वर पाठवते.”

“हे असंच?”

“असंच. दाखल्यासकट.”

आत्याने लिहून दिलं. पुढे वर्षभर काहीच हललं नाही. दुरुस्तीवर आठ घरं चालेनात. तोफेने दुसऱ्या शहरात काम बघितलं, बॅगही भरली. आत्याने त्याला अडवलं नाही. नुसतीच पाठ फिरवून एक गुळगुळीत पाइप पुन्हा घासत बसली.

आणि नेमका त्याच आठवड्यात बाईंचा फोन! अटी बदलल्या होत्या. सगळ्या दवाखान्यांची मिळून एकच अवाढव्य ऑर्डर निघणार नव्हती, प्रत्येकाची वेगळी निघणार होती. जुन्या विक्रीचा दाखला नको, खाट सगळ्यांसमोर पारखून घ्यायची. आणि बिघडली तर चोवीस तासांत माणूस हजर पाहिजे.

“चोवीस तास?” आत्या फोनवर ओरडली. “अहो, मी चपला घालेपर्यंत पोचते!”

परीक्षेच्या दिवशी दवाखान्याच्या आवारात पाच खाटा मांडल्या होत्या. एकाही खाटेवर नाव नाही, फक्त अक्षरं. परीक्षक होत्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांच्या प्रमुख. खाटेवर वजन ठेवून हँडल पाचशे वेळा फिरवायचं होतं, पण वाळूची पोती आलीच नव्हती.

“इथे सगळ्यात वजनदार कोण?” मेट्रननी विचारलं.

सगळ्यांच्या माना आतोबांकडे वळल्या.

“पण हे तर त्यांचेच यजमान!” कंपनीचा माणूस म्हणाला.

“वजनाला नातं नसतं,” मेट्रन म्हणाल्या. “झोपा हो काका.”

आधी कंपनीच्या खाटेची पाळी. दोनशेपर्यंत कुरकुरत चालली, मग हँडल अडकलं ते अडकलंच. डोकं वर, पाय वर, मध्ये आतोबा, घडी घातलेल्या वर्तमानपत्रासारखे. “अगं, मला कोणीतरी उलगडा!” ते गुडघ्यांमागून म्हणाले. आत्या पाना घेऊन खाटेखाली शिरली. कंपनीच्या माणसाने बिचाऱ्याने स्वतः टॉर्च धरला. चार आट्यांत आतोबा सपाट झाले.

मग आमची खाट. शंभर, दोनशे, चारशे. आवाजच नाही. पाचशेला आवाज आला, पण तो आतोबांच्या घोरण्याचा होता. मेट्रननी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच गुण लिहिले.

“झोपलेत!” तोफ आमच्या कानात कुजबुजला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

ऑर्डर आम्हाला मिळाली. एकशे वीस खाटा! आत्याने आणखी बारा माणसं घेतली, सगळी आसपासच्या गल्ल्यांतली. तोफेने बॅग रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी बायकोलाच घेऊन आला. गाद्यांच्या खोळी ती शिवू लागली आणि दुपारपर्यंत तोफेला हळू बोलायलाही सांगू लागली.

पहिल्या वीस खाटा पोचवायच्या सकाळी टेम्पो दारातच पंक्चर झाला. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला.

“खाटांना चाकं काय शोभेला लावलीत?” आत्या म्हणाली. “चला!”

वीस खाटा, वीस माणसं. उताराला लागलो तसा वेग आला. कोणी ब्रेकवर पाय देतंय, कोणी खिदळतंय, तोफ “बाजूला व्हा” ओरडतोय. चौकातल्या पोलिसाने शिट्टी मारून सगळी वाहनं थांबवली. बसथांब्यावरच्या एका आजीबाईंनी माझी खाट धरली.

“कुठे चाललात गं?”

“दवाखान्यात, आजी.”

“मग थांब. मला गुडघाच दाखवायचाय.” आणि त्या पिशवीसकट चढून बसल्या. पुढच्या कोपऱ्यावर आणखी दोघं चढली.

फाटकात मेट्रन पावतीपुस्तक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

“मी खाटा मागवल्या होत्या, पेशंट नव्हे.”

आत्या हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता उचकी लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पेन हातात धरवेना. शेवटी पावतीवर सही मीच केली, आणि आजीबाईंना तशाच ढकलत आत नेलं.