दप्तरात आलेली किनमेनची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, आणि आत्ता मी जिथे आहे तिथे माझ्या वैऱ्यानेही मला ठेवलं नसतं. मी बारा वर्षांच्या एका मुलीच्या दप्तरात आहे. एका बाजूला गणिताची फाईल, दुसऱ्या बाजूला विज्ञानाचं पुस्तक आणि मधोमध मी, रुंद पात्याची, लाकडी मुठीची, पात्यावर हळद-कुंकू लावलेली. दप्तर स्कूलबसमध्ये आहे आणि बस शाळेकडे निघाली आहे. अमेरिकेत कुणाच्या दप्तरात सुरी सापडली तर काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझ्या ओट्यासमोरच या घराचा टीव्ही आहे. त्या मुलीला, आरोहीला, मात्र कशाचा पत्ता नाही. ती मैत्रिणीशी हसत बोलते आहे आणि इथे माझा जीव टांगणीला लागला आहे.

शाळा यायला थोडा वेळ आहे, तोवर मी कोण ते सांगते. बोलत राहिलं की भीती कमी होते म्हणतात. बघू या.

माझं मूळ तुम्हाला आवडणार नाही. मी आधी तोफेचा गोळा होते. चीनच्या किनाऱ्याला अगदी खेटून किनमेन नावाचं एक बेट आहे. किनारा चीनचा, पण बेटावरचं राज्य तैवानचं. १९५८ सालच्या ऑगस्टमध्ये, तेवीस तारखेच्या संध्याकाळी, किनाऱ्यावरच्या तोफांनी त्या बेटावर मारा सुरू केला आणि तो सहा आठवडे चालला. त्याच दिवसांत एकदा मलाही तोफेत घातलं. कोणत्या बाजूचं बरोबर होतं ते मला विचारू नका. गोळ्याला कुणी काही समजावून सांगत नाही.

मी ज्वारीच्या शेतात पडले. होय, ज्वारीच. तिकडेही ती पिकते. नीट फुटलेच नाही, मोठमोठे तीन तुकडे झाले आणि कुणाला लागले नाही, एवढंच माझं पुण्य. माझ्याबरोबर निघालेल्या सगळ्यांना तसं म्हणता येणार नाही. ते आठवलं की आजही मी मुठीपर्यंत थंड पडते.

त्या वर्षी बेटावरची माणसं जमिनीखाली राहायला शिकली. पोरं भुयारात पाढे म्हणत, बायका तिथेच रताळी शिजवत. ऑक्टोबरमध्ये तोफवाल्यांनी एक अजब नियम जाहीर केला. विषम तारखेला मारा, सम तारखेला सुट्टी. मग लोकांनी लग्नं, बाजार, कौलं शाकारणं, सगळं सम तारखांना ठेवलं. माणूस कशाचीही सवय करून घेतो, याचं मला तेव्हापासून भय वाटतं.

अशाच एका सम तारखेला एका लोहाराने मला शेतातून उचललं. भट्टीत लाल केलं, ठोकलं, पातळ केलं, मूठ बसवली. लिन नावाच्या एका लहान मुलीच्या आईने मला विकत घेतलं. पोरगी मला हात लावेना. मी कोण होते ते तिला माहीत होतं. आई तिला म्हणाली, "आता ती खायला घालते." त्या दिवशी मी रताळी चिरली. आयुष्यात प्रथमच माझा कुणाला उपयोग झाला.

ती मुलगी मोठी झाली, लग्न करून अमेरिकेत आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत मीही आले. इथे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात आम्ही दोघींनी संसार केला. पाहुणे माझ्या धारेचं कौतुक करत. मग तिच्या मुलांनी विजेवरचं चिरायचं यंत्र आणलं आणि मी बरीच वर्षं खणात अंधारात पडून राहिले. अलीकडे लिन आजी वृद्धाश्रमात राहायला गेली. तिथे सुरी ठेवू देत नाहीत. म्हणून तिने मला शेजारच्या रुचाच्या हाती सोपवलं.

रुचा पुण्याची, तिचा नवरा सुशांत नागपूरचा, आणि आरोही त्यांची मुलगी. रुचा माझ्याकडून कांदा, कोथिंबीर, दुधी असं सगळं चिरून घेते आणि मी सुखात असते. सुशांत मात्र पाहुणे आले की मला हातात धरून सांगतो, "यार, ही साधी सुरी नाही, तोफेच्या गोळ्याची आहे!" पाहुणे वा वा करतात. मला लाज वाटते.

काल खंडेनवमी होती. या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात. सुशांतने पाटावर लॅपटॉप ठेवला, ड्रिल मशीन ठेवलं, रुचाची कात्री आणि आरोहीची पुस्तकं ठेवली. घरात तलवार कुठून येणार? म्हणून तलवारीचा मान मला मिळाला. पाटावर जागा नव्हती, तेव्हा त्याने मला आरोहीच्या फाईलवर आडवं केलं. पूजा झाली, आणि पूजेतल्या वस्तूंना रात्रभर हात लावायचा नसतो म्हणून माझ्यावर एक पुस्तक ठेवून वरून रुमाल झाकला. सकाळी बस कोपऱ्यावर आली तेव्हा आरोही धावत आली, वरच्या पुस्तकासकट आणि रुमालासकट सगळी चळत उचलली आणि दप्तरात कोंबली. मी ओरडले असते, पण लोखंडाला तोंड नसतं.

बस थांबली आहे, मित्रांनो. पुढचं नंतर सांगते.

*

आता मी हे दुसऱ्या जागेवरून सांगते आहे. काय झालं ते ऐका.

गणिताच्या तासाला आरोहीने फाईल काढायला दप्तरात हात घातला आणि तिची बोटं माझ्या मुठीवर आली. मलाच हातात धरून ती काकडी चिरायला शिकली होती, त्यामुळे न बघताच तिने मला ओळखलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, गप्प बस पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. चेन लाव, संध्याकाळी घरी ने, कुणाला कळणार नाही. पण मागच्या बाकावरचा मुलगा पाय हलवत होता आणि त्याचा बूट दप्तराला लागत होता. चेन अर्धी उघडी होती. बूट प्रत्येक वेळी लागला की मला ते ज्वारीचं शेत आठवत होतं.

आरोही उठली. दप्तर पोटाशी धरून बाईंजवळ गेली आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, "मिसेस कॉफमन, यात आमच्या किचनमधली सुरी आहे. चुकून आली. प्लीज, कुणाला याच्या जवळ येऊ देऊ नका."

मग ऑफिसची खोली. मुख्याध्यापिका होत्या आणि शाळेवर नेमलेले पोलीस, ऑफिसर हॉल. त्यांनी हातमोजे घालून मला बाहेर काढलं आणि माझ्या पात्यावरचा लाल रंग पाहून ते थांबले.

"हे रक्त आहे का?"

जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या त्या पोरीला इंग्रजी शब्द सापडेना. "इट्स... कुंकू," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

आईवडील धावत आले. सुशांत घाबरला की फार बोलतो. तो घाईघाईने सांगायला लागला, "सर, काल आमच्याकडे शस्त्रांची पूजा होती. वी वर्शिप वेपन्स!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुख्याध्यापिकांची लेखणी थांबली. रुचाने नवऱ्याकडे असं पाहिलं की माझी धार त्यापुढे काहीच नाही. मग तिने पुढे होऊन आपल्या कपाळावर बोट टेकवलं आणि ते लाल बोट ऑफिसर हॉलना दाखवलं. त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरातल्या कामाच्या वस्तूंना आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो," ती म्हणाली. "त्यात हिची पुस्तकंही होती. ही सुरी मी रोज कांदा चिरायला वापरते. बस, एवढंच."

बराच वेळ दारामागे बोलणं चाललं. आरोही आईच्या कुशीत बसली होती आणि सारखं विचारत होती, "विल दे किक मी आउट?" रुचा तिच्या केसांतून हात फिरवत होती. तिलाच कुठे माहीत होतं? त्या वेळी कुणी मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मला मोडा, भंगारात टाका, पण पोरीला शाळेत राहू द्या.

शेवटी मुख्याध्यापिका आल्या. मुलीने स्वतःहून सांगितलं, म्हणून ती उद्यापासून वर्गात बसेल, असं म्हणाल्या. पण सुरी पोलिसांकडे जमा होणार. परत हवी असेल तर घरच्यांनी तिथे जाऊन ती आपली आहे असं सही करून द्यायचं. कुणी आलं नाही, तर ती वितळवतात.

"राहू दे," सुशांत मराठीत म्हणाला. "सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची? आपलं ग्रीन कार्ड अजून लाईनमध्ये आहे. हे वेपन आमचं, म्हणून सही करून देऊ?"

त्याचं चुकत नव्हतं. रुचाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं.

ऑफिसर हॉलनी मला पारदर्शक पिशवीत घातलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, शस्त्र. पिशवी बंद करणार एवढ्यात आरोही नाक पुसत म्हणाली, "सर, इट रस्ट्स. कुंकवात पाणी आहे. ओली ठेवलीत तर गंजेल."

त्यांचा हात थांबला. हा माणूस सकाळपासून मला धोका म्हणूनच हाताळत होता. त्यांनी मला पुन्हा बाहेर काढलं, कागदी रुमाल घेतला आणि पातं दोन्ही बाजूंनी अलगद पुसलं, अगदी मुठीच्या सांध्यापर्यंत. मग त्या शब्दाखाली आणखी एक ओळ लिहिली. गंजते, कोरडी ठेवा.

आता मी एका लोखंडी कपाटात आहे. शेजारी पिस्तुलं आहेत. ती काही बोलत नाहीत. कपाटाचं दार वाजलं की मला रुचा आली असं वाटतं, आणि प्रत्येक वेळी दुसरंच कुणी असतं. ती येईल की नाही, ठाऊक नाही. न आली तर मी रागावणार नाही, कारण तिच्या घाबरण्याचं कारण मला माहीत आहे. आरोही वर्गात बसली असेल, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

पण मित्रांनो, भीती जात नाही. भट्टी मला नवी नाही. तिथून बाहेर काढून माणसं माझं काय करतील, याची मला भीती वाटते. म्हणून तुमच्यापैकी कुणाच्या हाती कधी मी आले, तर एवढं करा. माझ्या पिशवीवर दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यांतली दुसरी तेवढी खरी माना.